किती आणि कित्याक

बर्फ कोकणाला परका नाही. मालवणच्या बंदरात पहाटे उभं राहिलं की लाद्या भरडण्याचा खडखडाट ऐकू येतो आणि तो चुरा बांगड्या-सुरमयांच्या पेट्यांत जातो. त्यावर पाय घसरला तर आमच्याकडे हसू होतं, गुण मिळत नाहीत. त्यामुळे गणिताचा निवृत्त मास्तर रात्र जागवून फिगर स्केटिंग बघतो हे वाडीला अजून पचलेलं नाही. "गुरुजी, तुमी ता बर्फावरचा नाच बघतास?" असं विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते.

खरं सांगायचं तर मला नाचापेक्षा गुणपत्रिकेत रस आहे. गेली तीस-एक वर्षं पंचक्रोशीतल्या भजन स्पर्धांची बेरीज माझ्याकडे असते. परीक्षक तिघे, मंडळं बारा-चौदा, आणि सभामंडपाच्या कोपऱ्यात एका बाकड्यावर मी, कॅल्क्युलेटर आणि गार झालेला चहा. कोणाच्या सुरात सूर नव्हता हे मला कळत नाही. पण कोणाच्या आकड्यात काळंबेरं आहे हे बेरीज करणाऱ्याच्या इतकं लवकर कोणालाच कळत नाही.

खूळ लागलं ते फेब्रुवारी २००२ मध्ये, सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकला. केबलवर जोड्यांची स्पर्धा लागली होती. रशियाचे येलेना बेरेझ्नाया आणि अंतोन सिखारुलिद्झे उत्तम खेळले, पण एका उडीनंतर सिखारुलिद्झेचा पाय लडबडला. कॅनडाचे जेमी साले आणि डेव्हिड पेल्तिये बिनचूक खेळले. नऊ पंचांपैकी पाचांनी रशियाला पहिलं ठरवलं, चौघांनी कॅनडाला. मग फ्रान्सच्या पंच मारी-रेन ल गून यांनी सांगितलं की आपल्यावर आपल्याच देशाच्या महासंघाच्या अध्यक्षाचा दबाव होता. पुढे त्यांनी ते विधान फिरवलं. आरोप असा होता की इथे रशियाला मत आणि त्याच्या बदल्यात आइस डान्समध्ये फ्रान्सच्या जोडीला मत. शेवटी कॅनडालाही सुवर्णपदक दिलं गेलं, ल गून आणि अध्यक्ष दिदिए गैलागे यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने सगळी गुणपद्धतच मोडून नवी बांधायला घेतली.

तेव्हापासून चाहत्यांची एक तक्रार सुरू आहे आणि ती दर चार वर्षांनी नव्याने उसळते. गुण आता शंभरांशापर्यंत कळतात, पण निकालावरचा विश्वास काही वाढला नाही. या तक्रारीला 'भावनिक' म्हणून बाजूला सारण्याची पद्धत आहे. मला ती तक्रार हिशेबाची वाटते. नव्या पद्धतीने 'किती' या प्रश्नाचं उत्तर फार बारकाईने दिलं. 'कित्याक', म्हणजे आमच्या मालवणीत 'का', या प्रश्नाला मात्र हात लावला नाही. आणि हरलेला माणूस, मालवणचा असो की माँट्रियलचा, कित्याक हेच विचारतो.

आमच्याच एका स्पर्धेत काय झालं ते सांगतो. मंडळांची नावं घेत नाही; दोन्हीकडे माझे विद्यार्थी आहेत. शेवटच्या दोन मंडळांवर निकाल आला. पहिल्या परीक्षकाने एकाला ८० आणि दुसऱ्याला ७४ दिले होते, दुसऱ्या परीक्षकाने ७९ आणि ७५. म्हणजे दोघांच्याही मते पहिलं मंडळ सरस. तिसऱ्याने पहिल्याला ६२ दिले आणि दुसऱ्याला ८६. मी तीनदा बेरीज केली. २२१ आणि २३५. ढाल दुसऱ्या मंडळाकडे गेली. तिसऱ्या परीक्षकाचा भाचा त्या मंडळात पखवाज वाजवायचा, हे सभामंडपात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हरलेले बुवा माझ्या बाकड्यापाशी आले आणि एवढंच म्हणाले, "कित्याक, गुरुजी?" माझ्यापुढे तीन कागद होते. दाखवायला मनाई होती. कागद पाकिटात गेले, पाकीट चिटणिसाच्या पिशवीत.

या उदाहरणात स्केटिंगच्या जुन्या पद्धतीची एक बाजू दडलेली आहे, जी तिचे टीकाकार सांगत नाहीत. जुन्या पद्धतीत प्रत्येक पंच सहापैकी आकडा द्यायचा, पण शेवटी मोजला जायचा तो त्याने लावलेला क्रम. पंचाने चोवीस गुणांचा फरक केला काय आणि एका दशांशाचा केला काय, त्याचं मत एकच. त्या हिशेबाने आमच्या स्पर्धेत पहिलं मंडळ दोन विरुद्ध एक मतांनी जिंकलं असतं. बेरजेत मात्र मुद्दाम हात सैल सोडणारा परीक्षक बाकी दोघांना गिळून टाकू शकतो. नव्या पद्धतीने यावर उपाय केला आहे. नऊ पंचांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा वगळून उरलेल्या सातांची सरासरी धरतात. तीन परीक्षकांत हे करायला गेलं तर एकच परीक्षक उरतो, म्हणून आम्हाला ती सोय नाही.

म्हणजे मी जुन्या पद्धतीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांपैकी नाही. १९८४ मध्ये सारायेवोला टॉरविल आणि डीन या ब्रिटनच्या आइस डान्स जोडीला सहापैकी सहा असे बारा आकडे मिळाले, ते प्रेक्षकांना एका नजरेत कळले, हे सगळं खरं. पण सहा कशाचे, हे तेव्हाही कोणी सांगत नव्हतं. नव्या पद्धतीत निदान हे कळतं की तिहेरी ॲक्सल उडीची मूळ किंमत ८ गुण आहे, चौपट लुट्झची ११.५०. उडी पाव फेऱ्याहून जास्त कमी पडली तर तांत्रिक मंडळ चित्रफीत संथ करून बघतं आणि किंमत घटवतं. मग नऊ पंच त्या उडीच्या दर्जाला उणे पाच ते अधिक पाच असा भाव देतात. २०१८ पर्यंत तो उणे तीन ते अधिक तीन असा होता. भाजीचे गठ्ठे वेगवेगळे बांधून दर लावावेत तसं. मास्तर म्हणून मला हे आवडलंच पाहिजे आणि आवडतंही.

गाडी अडते ती पुढे. ज्याचे गुण, त्याचीच शेती होते.

आमच्या स्पर्धेत एके वर्षी 'शिस्त व गणवेश' असा दहा गुणांचा रकाना घातला. हेतू चांगला होता. पोरं हाफ पँटीत येऊन बसायची. पुढच्या वर्षी सगळी मंडळं एकाच रंगाच्या झब्ब्यांत आली, दोन मंडळांनी तर झब्ब्यांसाठी वर्गणी काढली आणि पखवाजाला नवी शाई भरायची राहून गेली. मग पखवाजाला स्वतंत्र वीस गुण केले. झालं! रूपाच्या अभंगापासून गजरापर्यंत प्रत्येक ठिकाणी पखवाज्याची एकट्याची चक्री सुरू झाली आणि तुकोबांचे शब्द त्या धुमाळीत बुडाले. एका म्हाताऱ्या श्रोत्याने मला विचारलं, "ह्या भजन हा काय मिरग पडतासा?"

स्केटिंगचंही नेमकं हेच झालं. गिरकीची 'पातळी' वाढवायला अवघड आसनांचे गुण ठेवले, तर डोक्यामागून पाय धरून फिरण्याची बीलमन गिरकी, जी एकेकाळी स्वित्झर्लंडच्या डेनिस बीलमनची ओळख होती, ती ज्याच्या कमरेला झेपते आणि ज्याच्या नाही अशा सगळ्यांनीच करायला घेतली. कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या उड्यांना दहा टक्के जास्त भाव ठेवला, कारण तेव्हा पाय थकलेले असतात. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या अलिना झागितोवाने सगळ्याच उड्या उत्तरार्धात टाकल्या. पूर्वार्धात एकही उडी नाही. ती २३९.५७ वर जिंकली, रशियाचीच मेद्वेदेवा २३८.२६ वर राहिली. नियमाप्रमाणे झागितोवाचं काहीच चुकलं नाही, उलट तिच्या प्रशिक्षकांनी नियम इतरांपेक्षा नीट वाचला होता. त्याच वर्षी नियम बदलला, मुक्त म्हणजे लांब कार्यक्रमात शेवटच्या तीनच उड्यांना तो वाढीव भाव राहिला. (दोघींतला फरक १.३१ गुणांचा. २०१० मध्ये व्हँकुव्हरला चौपट उडी न मारता अमेरिकेचा लायसाचेक जिंकला आणि चौपट उडी मारून रशियाचा प्लुशेन्को हरला, तेव्हाचा फरकही १.३१ गुणांचाच. हा निव्वळ योगायोग आहे, पण बेरीज करणाऱ्याला असल्या गोष्टी रात्री आठवतात.)

नियम करा, फट शोधली जाईल, फट बुजवा, दुसरी शोधली जाईल. याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ते नियम निदान छापलेले असतात, वाचता येतात आणि पुढच्या अधिवेशनात बदलता येतात. उलटी कोलांटी १९७०च्या दशकात बंद केली, फ्रान्सच्या सूर्या बोनालीने १९९८ मध्ये नागानोला ती एका पायावर उतरवून दाखवली आणि दंड भोगला, आणि २०२४ मध्ये ती पुन्हा चालू झाली. वेळ लागला, पण भांडण उजेडात झालं.

माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. सॉल्ट लेकचा रोग काय होता? पंचावर त्याच्याच महासंघाचा दबाव. त्यावर औषध काय काढलं? पंचाचं नाव झाकलं. २००२ नंतर कोणता आकडा कोणाचा हे कळेनासं झालं. २००६ च्या ट्यूरिन ऑलिंपिकमध्ये बारा पंच बसायचे, यंत्र चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या नऊ जणांचे आकडे धरायचं. युक्तिवाद असा, की कोणी काय दिलं हे कळलंच नाही तर महासंघ कोणाला धमकावणार?

हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. आमच्याकडे परीक्षकाला दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात मासे आणायला जायचं असतं. एका स्पर्धेनंतर आमच्या एका परीक्षकाच्या मोटरसायकलची दोन्ही चाकं बसलेली मिळाली होती आणि तो बिचारा गाडी ढकलत तीन किलोमीटर गेला. त्या ढालीच्या भांडणानंतर आयोजक मंडळाने बैठक घेतली आणि काय ठरवलं असेल? सहा रकान्यांचे अकरा रकाने केले, गुणांना दशांश चिन्ह आणलं आणि परीक्षकांची नावं शेवटपर्यंत जाहीर करायची नाहीत असा ठराव केला. मी तेव्हा हसलो नाही, कारण लोझानमध्ये, स्केटिंग संघाच्या मुख्यालयात बसलेल्या शहाण्यांनीही अगदी हेच केलं होतं.

पण झाकलेलं नाव कोणापासून झाकलं जातं? प्रेक्षकापासून, पत्रकारापासून, हरलेल्या खेळाडूपासून. ज्याच्या दबावाची भीती होती त्या महासंघाच्या अध्यक्षाला पंच घरी जाऊन सांगूच शकतो, 'साहेब, काम झालं.' डार्टमथ कॉलेजचे अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी या बदलाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे तपासले. आपल्या देशाचा पंच मंडळात असण्याने खेळाडूला होणारा फायदा नावं झाकल्यावर घटला नाही, सुमारे २० टक्क्यांनी वाढला. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या स्पर्धेतही नावं झाकल्यानंतरच्या वर्षी एका परीक्षकाने एका मंडळाला गायनात ३० पैकी ३० दिले, आणि त्या मंडळाच्या बुवांचा घसा बसला होता.

मग २०१४ मध्ये सोची आलं. सतरा वर्षांच्या अदेलिना सोत्निकोवाने मायदेशात २२४.५९ गुण घेतले, दक्षिण कोरियाची युना किम २१९.११ वर राहिली. किमने काय बिघडवलं हे कोणाला दाखवता येईना. पंचांपैकी एकीचा नवरा रशियाच्या स्केटिंग महासंघाचा माजी अध्यक्ष आणि तेव्हाही तिथला बडा अधिकारी. दुसरा पंच १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमधल्या निकालाच्या संगनमतासाठी वर्षभर निलंबित झालेला. चौकशीच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. कोरियाची तक्रार फेटाळली गेली.

न्यायाने बोलायचं तर सोत्निकोवाच्या बाजूनेही हिशेब मांडता येतो. तिने तिहेरी उड्या सात मारल्या, किमने सहा. मूळ किंमतच तिची जास्त होती. कदाचित निकाल बरोबरही असेल. पण हे कोणाच्याच गळी उतरलं नाही, आणि त्यात दोष पाहणाऱ्यांचा नव्हता. नऊ आकड्यांपैकी त्या दोन पंचांचे आकडे कोणते, हे कागदावर नव्हतं. संशय घेणारा संशयाखेरीज करणार काय? एवढंच नव्हे, त्या दोन पंचांनी प्रामाणिकपणे गुण दिले असतील तर तेही त्यांना सिद्ध करता येणार नव्हतं. झाकलेल्या नावाने चोराला आडोसा मिळतो आणि सरळ माणसाचा साक्षीदार जातो.

जून २०१६ मध्ये दुब्रोव्हनिकच्या अधिवेशनात ही गुप्तता मोडीत निघाली. त्याचा परिणाम पुढच्याच ऑलिंपिकला दिसला. प्योंगचांगनंतर चीनच्या दोन पंचांना आपल्या खेळाडूंना झुकतं माप दिल्याबद्दल निलंबित केलं गेलं आणि त्याचे निर्णय प्रसिद्ध झाले. आकड्यांपुढे नावं होती म्हणूनच ते शक्य झालं. रकाने वाढवून बारा वर्षांत जे जमलं नाही ते एका नावाने दोन वर्षांत झालं.

तरी काम अर्धंच आहे. पंच अजूनही देशोदेशीचे महासंघ सुचवतात. ज्याच्या खेळाडूला गुण द्यायचे, त्याच्याच शिफारशीवर पुढच्या स्पर्धेचं तिकीट. आमच्याकडे तिसरा परीक्षक भाच्याच्या मंडळातून आला, तिथे तो राष्ट्रध्वज घेऊन येतो, एवढाच फरक. संघाने पंच स्वतः नेमावेत, स्वतः पगार द्यावा, ही चाहत्यांची मागणी खर्चिक आहे म्हणून टाळली जाते. खर्चिक आहेच. चोख माप मिळायला तराजू विकत घ्यावा लागतो.

आणि दुसरं, सादरीकरणाचे गुण. पूर्वी त्यांचे पाच घटक होते, २०२२ पासून तीन: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. दहापैकी, पाव-पाव गुणांच्या पायऱ्यांनी. पाचाचे तीन केले ते बरं झालं. पाच घटकांचे आकडे इतके चिकटून यायचे की पंच एकच आकडा मनात धरून पाच ठिकाणी लिहितो आहे हे बेरीज करणाऱ्याला लगेच कळावं. पण तिथेही मोठ्या नावाला आधीच नऊ आणि नवख्याला आधीच सात, मग तो काहीही खेळो, ही चाहत्यांची ओरड मला खोटी वाटत नाही, कारण मी ती रोज बघतो. रेडिओवर गायलेले बुवा मंडपात शिरले की परीक्षकाचं पेन आपोआप पंचविसाच्या पुढे सरकतं. संध्याकाळी सातच्या पहिल्या बारीला कितीही चांगलं गा, परीक्षक हात राखूनच ठेवतो. स्केटिंगमध्ये शेवटच्या गटात खेळणाऱ्याला हाच वारा पाठीवर मिळतो.

यंत्राने फेरे मोजायची चर्चा आता चालू आहे. जरूर मोजावेत. उडी पाव फेऱ्याने कमी पडली का, हे माणसाच्या डोळ्यापेक्षा यंत्र नीट सांगेल आणि एक भांडण मिटेल. ते भांडण 'किती'चं आहे. रचनेला ९.२५ आणि ८.५० यांतला पाऊण गुण कुठे गेला, हे यंत्र सांगणार नाही. ते लिहिणाऱ्यानेच सांगायला हवं. बाकीच्या पंचांपासून ज्याचा आकडा फार दूर पडला, त्याने चार ओळी लिहाव्यात आणि त्या गुणतक्त्याबरोबर छापाव्यात. न्यायालयात वेगळं मत देणारा न्यायाधीश हेच करतो, आणि त्याने न्यायालयाची अब्रू गेली असं कोणी म्हणत नाही. संघाकडे पंचांचे आकडे तपासणारी समिती आहे, पण तिचं सगळं बोलणं पंचाशी. समोर बसून टाळ्या वाजवणारा त्या बोलण्यात कुठेच नाही.

चाहते म्हणजे काही धुतले तांदूळ नव्हेत. आपल्या लाडक्यासाठी ते पंचाला वाट्टेल ते बोलतात, आणि चार ओळी छापल्या तर त्या चार ओळींचीही चिरफाड करतील. मान्य. आमच्या डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या समोरासमोरच्या भजनी सामन्याला, तर परीक्षकच नसतो. कोणते बुवा जिंकले यावर पुढे आठवडाभर एसटीत वाद चालतो आणि त्याचा निकाल कधीच लागत नाही. पण त्या वादात चोरीचा संशय नसतो. आवडीनिवडीचं भांडण आणि फसवणुकीचं भांडण यांचा आवाजच वेगळा असतो. दोन्ही ऐकलेल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो.

गेल्या वर्षी मी हट्टाने आयोजक मंडळाकडून एक गोष्ट करून घेतली. बेरीज करणार असेन तर तिन्ही कागद परीक्षकांच्या नावासकट सभामंडपाच्या खांबावर चिकटवायचे, आणि प्रत्येक मंडळापुढे परीक्षकाने एक तरी ओळ लिहायची. एका परीक्षकाने यायचंच नाकारलं. दुसरा मिळेपर्यंत नारळ फोडायची वेळ झाली. निकालानंतर रात्री पावणेदोनला खांबापाशी गर्दी झाली, मोबाइलचे दिवे लावून लोक कागद वाचत होते. तिसरे आलेले बुवा चष्मा सावरत पुढे झाले, बोटाने रकाना शोधला आणि मोठ्याने विचारलं, "ह्ये अकरा कोणी दिले?"

परीक्षक तिथेच चपला शोधत होते. "मिया दिलंय."

"कित्याक?"

"लिवलंय थंय. गवळणीच्या दुसऱ्या कडव्यात लय सुटली तुमची."

"सुटाक नाय. तो ठेको मुद्दाम बदललंलो."

"मगे पखवाज्याक सांगूक होया होता. तो जुन्याच ठेक्यार होतो."

बुवांनी मागे वळून पखवाज्याकडे बघितलं. पखवाज्या पखवाजाला खोळ घालण्यात गढून गेला होता.